आठपट पुरे

दुर्बीण घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला आधी विचारतो, ‘किती लांबचं दिसतं?’ मीही तेच विचारलं. त्याने झूमची दुर्बीण पुढे ठेवली. वर शिक्का, १०-३० x ६०. खटका सरकवला की दहापटीची तीसपट! मला वाटलं, एका पैशात दोन कामं झाली.

दुर्बीण हवी होती अब्बांसाठी. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. शाबानच्या २९ तारखेला लोक त्यांच्याबरोबर खाडीकडच्या टेकाडावर जायचे. मग मोतीबिंदू झाला. ऑपरेशननंतर वाचता येऊ लागलं, पण कोवळा चाँद काही सापडेना. त्या संध्याकाळी नवी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. बराच वेळ धडपडून ते म्हणाले, ‘अरे, आभाळच हलतंय.’ दुर्बीण माझ्या हाती देऊन एकटेच टेकाड उतरले.

आभाळ नव्हे, हात हलत होता. दुर्बीण चित्र जितके पट मोठं करते, तितके पट हाताची थरथरही मोठी करते. दहापटीच्या वर गेलं की तिपाई लागतेच. त्यात झूममध्ये आभाळाचा तुकडा फारच लहान दिसतो. चाँद त्यात आणायचा कसा? स्वस्त झूममध्ये दोन नळ्यांचं जुळणंही बिघडतं आणि डोकं दुखू लागतं.

मग मी मराठीचा पदवीधर आकडेमोडीला बसलो. ८ x ४० म्हणजे आठपट मोठं चित्र आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. चाळीसला आठने भागा. पाच मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. पन्नाशीनंतर डोळ्याची बाहुली अंधारातही साधारण तेवढीच उघडते. म्हणजे ७ x ५० मधला सात मिलिमीटरचा झोत आमच्या वयाला बराचसा वाया. माझ्या झूममध्ये तीसपटीला दोनच मिलिमीटर उरत होते. संधिप्रकाशात चित्र काळवंडणारच.

पैसे थोडे असतील तर खांद्यासारख्या रुंद, जुन्या घडणीची ‘पोरो’ दुर्बीण घ्या. त्याच पैशांत सरळ नळीच्या दुर्बिणीपेक्षा ती बहुधा चांगलं चित्र देते. भिंगावरचा लेप लालभडक चमकत असेल तर भुलू नका. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आभाळाकडे करा आणि मागच्या भिंगातला प्रकाशाचा ठिपका बघा. तो पुरता गोल हवा. कडा कापल्यासारख्या दिसल्या तर लोलकाची काच हलकी. विजेची तार पाहा. एकीच्या दोन दिसल्या तर ती परत ठेवा. चष्मेवाल्यांनी चष्म्यासकटच पाहावं. आमच्या कोकणात पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट डब्यात ठेवा. आणि सूर्य पुरता बुडाल्याशिवाय पश्चिमेकडे दुर्बीण लावूच नका. डोळा क्षणात जातो.

दुसऱ्या वर्षी ८ x ४० आणली. झूमच्या निम्म्या किमतीत! तिच्यात आभाळाचा एवढा पट्टा दिसतो की पंधरा-सोळा पुनवेचे चंद्र शेजारी शेजारी मावावेत. दुर्बिणीतला चाँद ग्राह्य की नाही, यावर आमच्याकडे मतं आहेत. आमची रीत अशी, की दुर्बिणीने जागा हेरायची आणि मग नुसत्या डोळ्यांनी पाहायचं.

अब्बांनी कोपर कठड्यावर टेकवले. माड, खाडीपलीकडचा डोंगर, मग हळूहळू वर. हात थांबला. ओठ हलले. दुर्बीण उतरवून त्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं आणि मान हलवली. त्यांना तो दिसला नव्हता. ‘मी गवाही देणार नाही,’ ते म्हणाले, ‘पण तो तिथेच आहे. त्या उंच माडाच्या शेंड्यावर, चार बोटं.’

माझी मुलगी तिकडे टक लावून राहिली आणि एकदम ओरडली, ‘दिसला!’

अब्बांनी तिला तेच विचारलं, जे ते साऱ्या साक्षीदारांना विचारायचे, ‘शिंगं कुठं आहेत, बेटा?’

‘वर. थोडी डावीकडे.’

‘चल,’ तिचा हात धरून ते म्हणाले, ‘मशिदीत सांगून येऊ.’