चालू असणे आणि चालू होणे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त टी. नगर, चेन्नई येथे भरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या शाळेला साठ वर्षे पूर्ण होत आहेत, आणि तिच्या लेकरांचा हा मेळावा तिच्यापासून इतक्या दूर, पानगल पार्कच्या परिसरात भरला आहे. आपल्या व्यवसायातील एखादा विषय सर्वांना समजेल अशा मराठीत मांडावा, अशी संयोजकांची आज्ञा आहे. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय. तेव्हा संगणक जागा कसा होतो आणि त्यावरील सेवा चालू कशा राहतात, याविषयी मी आज चार शब्द सांगणार आहे.

लिनक्स हे नाव काहींना परके वाटेल, पण तिचा आपला संबंध रोजचा आहे. 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तोच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तिच्यातील प्रत्येक संगणक नोव्हेंबर 2017 पासून लिनक्सवरच चालतो. चेन्नईचा आणि महाराष्ट्राचा यात एक दुवाही आहे. 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या चेन्नई केंद्राने 'बॉस' म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टम सोल्यूशन्स ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली सिद्ध केली. मराठी आणि तमिळ या दोन्ही भाषा तिच्यात वापरता येतात.

आता मूळ विषयाकडे वळतो. संगणकाची कळ दाबली की प्रथम त्याच्या मुख्य पटलावरील एक छोटी आज्ञावली जागी होते. ती यंत्राचे अवयव तपासते आणि 'बूटलोडर'ला हाक मारते. बूटलोडर लिनक्सचा गाभा, म्हणजे 'कर्नल', स्मृतीत आणून ठेवतो. कर्नल यंत्राचा ताबा घेतो आणि सर्वांत पहिली प्रक्रिया सुरू करतो. तिचा क्रमांक एक. यापुढचे सारे काही तीच सुरू करते, निदान ज्यांनी सुरू केले त्यांना तरी ती सुरू करते. म्हणून तिला साऱ्या प्रक्रियांची आजी म्हटले तरी चालेल.

या आजीने उठवायच्या असतात त्या 'सेवा'. पडद्यावर न दिसता मागे अखंड चालणाऱ्या आज्ञावलीला आम्ही सेवा म्हणतो. घड्याळ बरोबर ठेवणारी एक, जाळ्याशी जोडणी करणारी दुसरी, नोंदी साठवणारी तिसरी, त्या नोंदींवरून बिल करणारी चौथी. एका साध्या सर्व्हरवरही अशा कितीतरी सेवा असतात. त्यांना कोणत्या क्रमाने उठवावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

जुन्या पद्धतीत सेवांना हजेरीपटासारखे क्रमांक दिलेले असत. दहा क्रमांकाची सेवा उठली की वीस क्रमांकाची, मग तीस क्रमांकाची. शाळेत शिपायाने फाटक उघडले, मग पाणी भरले, मग घंटा दिली, मग प्रार्थना झाली, तसे. पद्धत सरळ होती, पण तिच्यात दोन उणिवा होत्या. पाणी भरण्यास उशीर झाला की घंटाही खोळंबे. वास्तविक घंटेचा पाण्याशी काही संबंध नाही. आणि वीस क्रमांक वीसच का, याचे कारण कोठेही लिहिलेले नसे. ते क्रमांक देणाऱ्याच्या डोक्यात असे.

2010 मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी 'सिस्टम-डी' ही नवी रचना पुढे आणली. 2011 मध्ये फेडोरा आणि 2015 मध्ये डेबियन व उबुंटू या वितरणांनी ती स्वीकारली. तिच्यात प्रत्येक सेवेसाठी एक छोटी फाईल असते आणि आपल्याला काय हवे ते सेवेने तिच्यात स्वतःच जाहीर करायचे असते. ज्यांना एकमेकांची वाट पाहण्याचे कारण नाही, त्या सेवा एकाच वेळी उठतात. हा बदल सुखासुखी झाला नाही. एकाच आज्ञावलीने इतकी कामे हाती घेणे हे युनिक्सच्या साधेपणाच्या परंपरेला धरून नाही, असा आक्षेप जाणकारांनी घेतला. डेबियनमध्ये मोठा वाद झाला आणि एक गट बाहेर पडून त्याने 'देवुआन' नावाची वेगळी चूल मांडली. त्या आक्षेपात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण 'तुझी गरज लिहून दे' हा जो दंडक या रचनेने घातला, तो मला मोलाचा वाटतो.

या फाईलमध्ये गरज आणि क्रम या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्या लागतात. बिलाच्या सेवेला नोंदींची सेवा हवी, ही झाली गरज. नोंदींची सेवा उठल्यानंतरच बिलाच्या सेवेने उठावे, हा झाला क्रम. नुसती गरज लिहिली तर दोघी एकदम उठतात आणि बिलाची सेवा अजून न उघडलेल्या दारावर थाप मारत राहते. नुसता क्रम लिहिला आणि नोंदींच्या सेवेला उठवण्यास कोणी सांगितलेच नसेल, तर बिलाची सेवा तिच्यावाचूनच पुढे जाते. शिवाय सुरू होणे आणि सज्ज होणे यांतही अंतर आहे. फाटक उघडले म्हणजे शाळा भरली असे होत नाही.

पण आज मला विशेषकरून ज्या भेदाकडे लक्ष वेधायचे आहे, तो याहूनही साधा आहे. सिस्टम-डीमध्ये दोन आज्ञा आहेत. 'स्टार्ट' म्हणजे ही सेवा आत्ता सुरू कर. 'इनेबल' म्हणजे यंत्र जेव्हा जेव्हा सुरू होईल, तेव्हा तेव्हा हिला उठव. पहिली आज्ञा दिली की काम लगेच सुरू होते आणि माणूस समाधानाने घरी जातो. दुसरी द्यायची राहिली, तर पुढे कित्येक महिने कोणाच्या काही लक्षात येत नाही, कारण यंत्र बंदच पडलेले नसते.

या शहरात ते केव्हा ना केव्हा बंद पडतेच. आपण जमलो आहोत तो टी. नगरचा भाग विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एका विस्तीर्ण तलावाच्या जागेवर वसवला गेला, आणि पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. डिसेंबर 2015 चा महापूर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. पुढच्याच वर्षी, 12 डिसेंबर 2016 रोजी 'वरदा' चक्रीवादळ चेन्नईवर आले. हजारो झाडे उन्मळून पडली, विजेचे खांब वाकले आणि शहराचे कित्येक भाग काही दिवस अंधारात राहिले.

त्या वादळानंतर याच भागातील एका लहान कार्यालयात मला बोलावणे आले. वीज परत आली होती, दिवे लागले होते, सर्व्हरही सुरू होता. पण हिशेबाचे काम होत नव्हते. वर्षभराहून अधिक काळ ते यंत्र जनित्राच्या आधारावर एकदाही न थांबता चालले होते. हिशेबाची सेवा कोणीतरी हाताने सुरू केली होती, आणि तो तंत्रज्ञ नोकरी सोडून कधीच दुसऱ्या गावी गेला होता. ती सेवा कोणत्या आज्ञेने आणि कोणानंतर सुरू करायची, हे तेथील कोणालाही ठाऊक नव्हते. जुन्या नोंदी चाळत तो क्रम जुळवण्यात अर्धा दिवस गेला. माणसे वाईट नव्हती, यंत्रही नादुरुस्त नव्हते. ज्ञान तेवढे एका माणसाबरोबर निघून गेले होते.

तेथे आणखी एक गोष्ट दिसली. एक सेवा रीतसर 'इनेबल' केलेली होती, तरीही ती पडून होती. पडलेल्या सेवेला पुन्हा उठवण्याची सोय सिस्टम-डीमध्ये आहे. पण तिला मर्यादाही आहे. दहा सेकंदांत पाच वेळा प्रयत्न फसले, की ती तो नाद सोडून देते. जाळ्याचा राउटर सुरू होण्यास दोन मिनिटे घेत होता आणि सेवेचे पाचही प्रयत्न काही क्षणांतच संपले होते. दोन प्रयत्नांमध्ये तीस सेकंद थांब, एवढी एक ओळ लिहिल्यावर ती अडचण मिटली. प्रयत्न किती करायचे याइतकेच मध्ये किती थांबायचे हेही महत्त्वाचे असते, ही गोष्ट परीक्षेच्या दिवसांत मुलांना धीर देणाऱ्या पालकांना निराळी सांगायला नको.

ही दोन्ही निदाने करता आली ती रोजनिशीमुळे. कोणती सेवा केव्हा उठली, केव्हा आणि कोणत्या कारणाने पडली, याची नोंद सिस्टम-डी वेळेसह ठेवते. नोंद असली की तर्क लढवत बसावे लागत नाही आणि कोणावर विनाकारण ठपकाही येत नाही. तमिळ भूमीत राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना लिहून ठेवण्याचे मोल नव्याने सांगायला नको. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आजही वाचता येतो. ज्यांनी तो कोरवला, त्यांचे राज्य राहिले नाही. अक्षरे मात्र राहिली.

त्या कार्यालयाने पुढे एक चांगला नेम घातला. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, सुट्टीच्या दिवशी ते स्वतःहून सर्व्हर बंद करतात आणि त्याला हात न लावता सुरू होऊ देतात. काय उठले नाही ते पाहतात आणि फाईल सुधारतात. ज्या गोष्टीची वादळात परीक्षा होणार, तिची परीक्षा आपण निवांतपणी घेतलेली बरी.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी जे या क्षेत्रात येतील त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. काम चालू आहे, हा ते नीट झाल्याचा पुरावा नव्हे. आपण तेथे नसताना ते पुन्हा चालू होते का, हा खरा प्रश्न आहे. आपल्यावाचून अडते याचा अभिमान तरुणपणी वाटतो. पण चांगल्या तंत्रज्ञाच्या मागे त्याच्यावाचून काही अडत नाही.

पालकांनाही एक विनंती. घराचा हिशेब, औषधांची वेळापत्रके, बँकेची कागदपत्रे, गावाकडच्या जमिनीचे उतारे हे सारे पुष्कळदा एकाच माणसाच्या लक्षात असते. घर चालू असते म्हणून कोणी विचारत नाही. कोणानंतर काय आणि कशासाठी काय लागते, एवढे एका वहीत लिहून ठेवावे आणि ती वही मुलांना दाखवावी.

आपली शाळा ज्यांनी उभी केली, त्यांच्यापैकी बहुतेकजण आज आपल्यात नाहीत. तरीही ठरलेल्या वेळी फाटक उघडते, घंटा होते, प्रार्थना होते आणि पहिलीच्या वर्गात नवी मुले येऊन बसतात. त्यांनी शाळा सुरू तर केलीच. ती रोज पुन्हा सुरू होईल, अशी व्यवस्थाही लावून ठेवली. त्यांच्या स्मृतीस वंदन करतो आणि शाळेच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देतो.