‘लोकांना हेच हवे’ या युक्तिवादामागील गणित



दूरचित्रवाणीवरील उथळपणाविषयी तक्रार केली की वाहिन्यांकडून एक ठरलेले उत्तर येते : ‘लोकांना हेच हवे असते.’ या उत्तराचा आधार टीआरपीचा आकडा. तो कसा तयार होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

२०२० मध्ये देशात सुमारे २१ कोटी घरांत दूरचित्रवाणी संच होते. ‘बार्क’ या मापन संस्थेची यंत्रे त्यांपैकी सुमारे ४४ हजार घरांत होती. साधारण पावणेपाच हजार घरांची आवडनिवड एका घरावरून ठरत होती. नमुना लहान असणे हा दोष नव्हे. संख्याशास्त्राला ते मान्य आहे. दोष वेगळाच आहे. घरातील कोण, कोणत्या वाहिनीपुढे, किती मिनिटे होता, एवढेच यंत्र नोंदवते. त्या वेळात तो रमला, संतापला की जेवता जेवता नुसता बसून राहिला, याची नोंद त्यात नसते. जे दाखवलेच गेले नाही ते लोकांनी पाहिले असते काय, हे तर कोणतेच यंत्र सांगू शकत नाही. ‘पाहिले’ म्हणजे ‘हवे होते’ असे नव्हे.

जाहिरातदार मात्र याच मिनिटांचे मोल मोजतो. व्यवहाराच्या भाषेत वाहिनीचा ग्राहक तो. प्रेक्षक हा विकला जाणारा माल!

या व्यवहाराची किंमत राष्ट्राला मोजावी लागते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा सुरक्षा दलांच्या हालचाली वाहिन्यांनी थेट दाखवल्या. सीमेपलीकडील सूत्रधारही ते पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात त्यावर कठोर ताशेरे ओढले. या प्रक्षेपणाने जवानांचे काम अधिक अवघड व जोखमीचे झाले आणि त्यामागे राष्ट्रहित नसून व्यापारी हित होते, असा त्याचा आशय. २०१५ मध्ये केबल नियमांत दुरुस्ती होऊन अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणास बंदी आली.

मग सामान्य प्रेक्षकाने काय करावे? रागाने वाहिनी बदलणे हा अनेकांना निषेध वाटतो. परंतु ज्या घरात यंत्रच नाही, तेथील रिमोटचा निषेध कोणाच्या हिशेबात येणार? लेखी तक्रार मात्र हिशेबात धरावी लागते. जून २०२१ च्या नियमांनुसार वाहिनीने तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी आणि १५ दिवसांत निर्णय कळवावा. समाधान न झाल्यास वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे व त्यानंतर केंद्र सरकारकडे दाद मागता येते. कार्यक्रमाचे नाव, दिनांक, वेळ आणि नेमका आक्षेप, एवढे चार ओळींत लिहिणे कठीण नाही.

‘लोकांना हेच हवे’ असे म्हणणाऱ्यांना लोकांनीच लेखी उत्तर दिले पाहिजे. मौन ही संमती समजली जाते, आणि तिचा भाव रोज बाजारात ठरतो.