सोडियमचा एक, कॅल्शियमचे दोन : चोपण रानाचा हिशेब



शाहूपुरी पेठ छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. खारवट रानातल्या उसाचा गूळ जिभेला खारट लागतो, पावसाळ्यात पाझरतो आणि दर पाडतो. शिरोळ-हातकणंगले भागात जादा पाण्यानं अशी कितीतरी काळी रानं बिघडली. त्यातल्या चोपण रानाचं दुखणं म्हणजे सोडियम.

मुलांच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात मूलद्रव्यांची आवर्तसारणी असते, ती उघडा. डावीकडच्या पहिल्या उभ्या रांगेत सोडियम आणि पोटॅशियम. यांच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. तो सुटला की एक धन भार येतो. दुसऱ्या रांगेतले मॅग्नेशियम, कॅल्शियम दोन सोडतात, म्हणून दोन धन भार. उजवीकडे सतराव्या रांगेतला क्लोरीन उलट एक घेतो, त्याचा एक ऋण भार. मधल्या लोखंडाला मात्र हा नियम लावू नका, ते कधी दोन सोडतं, कधी तीन.

आता रानात या. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. दोन भारांचा कॅल्शियम त्यांना घट्ट धरतो आणि माती रवाळ होते. एका भाराच्या सोडियमची पकड सैल. कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी वरच तुंबतं आणि वाळलं की ढेकूळ दगडासारखं. म्हणून जिप्सम घालायचं. त्यातला एक कॅल्शियम दोन सोडियमना जागेवरून उठवतो. वजनात सांगायचं तर १७२ किलो शुद्ध जिप्सममध्ये ४० किलो कॅल्शियम, आणि तेवढं ४६ किलो सोडियम हटवू शकतं. रानात सगळंच कामी येत नाही, म्हणून मात्रा थोडी वाढवून देतात.

पण उठलेला सोडियम जाणार कुठं? चर नसेल तर तिथंच बसणार, आणि जिप्समचे पैसे पाण्यात! हाताशी रक्कम थोडी असेल तर ती आधी चरावर घाला. मग जिप्सम वरच्या थरात मिसळा आणि चांगलं पाणी देऊन रान धुऊन काढा.

आणखी एक. पांढरा क्षार फुललेलं प्रत्येक रान चोपण नसतं. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तरच जिप्सम घ्या. नुसत्या खारवट रानाला निचरा आणि गोडं पाणी पुरतं. तेव्हा खरेदीआधी माती तपासून घ्या. नमुना बांधाकडचा किंवा नुकतंच खत टाकलेल्या सरीतला नको.