चित्र, माती आणि चांदी : एका प्रश्नाचे राहिलेले उत्तर

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच सभागृहात मुलामुलींच्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते आणि बक्षिसे देण्यासाठी मला बोलावले होते. कार्यक्रम आटोपल्यावर एक माता माझ्याजवळ आल्या. त्यांच्या मुलीला इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली होती. त्या म्हणाल्या, “बाई, पोरगी चित्रे चांगली काढते, कबूल. पण यात पोट भरते का?” मी हसून काहीतरी बोलले आणि रिक्षात बसले. घरी पोहोचेपर्यंत मला माझीच शरम वाटू लागली. त्यांचा प्रश्न सरळ होता आणि मी तो टाळला होता. यंदा चिटणीससाहेबांनी ‘जीवनात कलेचे स्थान’ हा विषय सुचवला, तेव्हा मी त्यांना म्हटले, विषय छापा खुशाल, पण मी त्या बाईंना उत्तर देणार आहे.

त्यासाठी आधी माझा दिवस कसा जातो ते सांगते. कलावंताच्या दिवसाबद्दल लोकांच्या कल्पना फार मजेदार असतात. खिडकीत बसून आकाशाकडे पाहणारी बाई त्यांच्या डोळ्यांपुढे येते. मला तशी सवड मिळाली तर आवडेल.

फजरनंतर चहा घेऊन मी चित्राला बसते, कारण सकाळच्या उजेडात रंग खरे दिसतात. रात्री दिव्याखाली लावलेला पिवळा सकाळी भलताच निघतो, हे मी अनेकदा भोगले आहे. हे दोन-अडीच तास माझे. कागद भिजवायचा, फळीवर ताणून चिकटवायचा, वाळू द्यायचा, मग रंग. बहुतेक दिवशी म्हणावे असे काही हाती लागत नाही. तरी बसते.

दहा वाजता गाळ्यावर जाते. तिथे माती आणि विजेची भट्टी आहे. मातीकाम मी धारावीच्या कुंभारवाड्यात एका वयस्कर कारागिरांकडे शिकले. या कुंभारांची घराणी मूळची सौराष्ट्राकडची. मी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा डिप्लोमा घेऊन गेले होते, त्यामुळे डोक्यात थोडी हवा होती. काकांनी मला पंधरा दिवस फक्त माती मळायला लावली. गोळा मळायचा, तारेने कापायचा आणि कापलेल्या तोंडावर एकही पोकळी दिसता कामा नये. दिसली तर पुन्हा मळायचा. चाकाला हात लावू दिला तो सोळाव्या दिवशी.

मातीचा हिशेब चित्राहून वेगळा. ओली माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहाव्या हिश्शाने आवळते. कोणी कोणी जास्तही आवळते. म्हणून हवा त्याहून मोठा कप घडवावा लागतो. पहिली भाजणी साडेनऊशे अंश सेल्सियसच्या आसपास होते, मग काचेचा लेप, ज्याला आपण ग्लेझ म्हणतो, तो देऊन पुन्हा भाजायचे. वाटेत ५७३ अंशाला मातीतल्या गारगोटीचे कण एकाएकी फुगतात आणि थंड होताना त्याच अंशाला आक्रसतात. त्या टप्प्यावर घाई केली की भांड्याला तडा जातो. भट्टी शंभराच्या खाली येईपर्यंत मी दाराला हात लावत नाही.

ही शिस्त मला कशी लागली तेही सांगते. एका वर्षी लग्नासाठी सेहेचाळीस कपांची ऑर्डर होती. पावसाळा होता, कप आतून ओलसर होते, आणि तारीख जवळ आली म्हणून मी भट्टी लावली. मातीतल्या पाण्याची वाफ झाली. बाहेर उभी राहून मी एकेक कप फुटल्याचा आवाज ऐकला. सकाळी त्यातले सातच धड निघाले. चूक सर्वस्वी माझी होती. आगाऊ घेतलेले पैसे परत केले आणि त्या महिन्याचे गाळ्याचे भाडे हातातली बांगडी मोडून भरले.

पालकहो, रंगांबद्दल थोडे सांगू द्या, कारण यात आपल्या मुलांनी अभिमान वाटून घ्यावा असा इतिहास आहे. ग्लेझमध्ये तांबे घातले तर सोडा-पोटॅशच्या काचेत ते फिरोजी होते. कोबाल्टने निळा येतो आणि लोखंडाने मधासारखा पिवळा ते तपकिरी. नवव्या शतकात इराकच्या कारागिरांनी चांदी आणि तांब्याचे क्षार लावून, धुराच्या भट्टीत भाजून मातीच्या भांड्याला धातूची झळाळी आणली. पुढे ही विद्या इजिप्त, इराण आणि स्पेनच्या मालागापर्यंत गेली. इराणच्या काशान शहरावरून फरशांच्या कामाला ‘काशी’ हे नाव पडले. आपल्या मुंबईतही १८७० नंतरच्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली जे. जे. स्कूलमध्ये मातीची भांडी घडत होती. त्यांत सिंधी कुंभारांची रीत होती आणि अजिंठ्याच्या चित्रांतल्या आकृतीही होत्या. भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात तसे नमुने आहेत. मुलांना राणीच्या बागेत नेता तेव्हा शेजारच्या या दारातही शिरा.

दुपारी चांदी. शुद्ध चांदी दागिन्याला फार मऊ, म्हणून शंभरात साडेसात भाग तांबे मिसळतात. दागिन्यावर ९२५ चा शिक्का दिसतो तो याचाच. हातोडीने ठोकत गेले की पत्रा कडक होतो. तो मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करायचा, परत ठोकायचा. जोडाला टाकणखार लावून डाख द्यायचा. चांदीत उष्णता भराभर पसरते, म्हणून नुसता जोड तापवून चालत नाही, सगळा दागिना तापवावा लागतो. डाख वितळून जोडात धावतो त्या क्षणी आच मागे घ्यायची. एक क्षण उशीर, की चार दिवसांची तारेची जाळी बसकण मारते. कानशीची धूळ मी कापडावर झेलते. सोनारांच्या दुकानातली केरमाती धुऊन त्यातून सोने-चांदी काढणारे झारेकरी आपल्याला माहीत आहेतच; त्यांच्या धंद्याचा मला फार आदर आहे.

तुम्ही विचाराल, एवढे तीन उद्योग कशाला? एकच नीट का करत नाही? माझ्या एका नातेवाइकांनी तर हे माझ्या तोंडावर विचारले. खरे सांगायचे तर सुरुवात गरजेपोटी झाली. चित्र विकले जाईना. पण मग कपाच्या कडेवरचा फिरोजी चित्रात उतरला. चित्रातली आंब्याच्या मोहोराची रेघ तारेत आली आणि तिचे झुमके झाले. मोठ्या माणसांचेही असेच झालेले दिसते. त्याच मालागात १८८१ मध्ये जन्मलेले पिकासो साठीच्या उंबरठ्यापलीकडे गेल्यावर, १९४७ पासून, फ्रान्समधील व्हालोरी गावच्या कुंभारशाळेत मातीकामाला बसले आणि त्यांनी हजारो वस्तू केल्या. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी लहानपणी बहिणीच्या बाहुल्यांसाठी तारेचे दागिने केले आणि आयुष्यभरात असे सुमारे १,८०० दागिने घडवले. आणि १९१५ साली पंढरपुरात जन्मलेले आपले मकबूल फिदा हुसेन मुंबईत आधी सिनेमाचे फलक रंगवत होते, मग मुलांची खेळणी आणि फर्निचर. २०११ मध्ये ते गेले तेव्हा जगभर बातमी झाली. फलक रंगवतानाचे हुसेन मात्र कोणाच्या खिजगणतीत नव्हते.

काही घरांत चित्र म्हटले की भुवया उंचावतात, हे मला माहीत आहे. त्याचा निवाडा या व्यासपीठावरून मी करणार नाही. माझ्या आईला माणसांची चित्रे पसंत नव्हती. मी वर्षानुवर्षे वेली, फुले आणि भौमितिक नक्षी काढली आणि मला कधी विषयांची टंचाई पडली नाही.

आता पोटाचा प्रश्न. माझे वडील जहाजावर नोकरीला होते. मी जे. जे.ला जायचे म्हटले तेव्हा त्यांनी हो म्हणायला आठ दिवस लावले आणि शेवटी एक लाल वही आणून दिली. म्हणाले, “जो पैसा येईल तो इथे लिही. जो जाईल तोही लिही. मला दाखवायची नाही, तू बघ.” आज अशा बऱ्याच वह्या झाल्या आहेत. इथे येण्यापूर्वी मी त्या काढून बसले. बाई, त्यांत जे लिहिले आहे ते असे : सर्वात जास्त पैसा शिकवणीतून आला आहे, म्हणजे माझ्या संध्याकाळच्या वर्गातून. त्याखालोखाल चांदीचे दागिने. मग कप, वाडगे, कुंड्या. चित्रांचा नंबर शेवटचा. अशीही वर्षे आहेत की चित्राच्या रकान्यात सबंध वर्षात एक आकडा नाही. पहिली पाच वर्षे जमेपेक्षा खर्च जास्त आहे आणि तो फरक वडिलांच्या पगाराने भरला. हे मी गेल्या वर्षी सांगायला हवे होते. आज माझे घर माझ्या कमाईवर चालते, गाळ्याचे भाडे थकत नाही, दोन मुलींना कामावर ठेवले आहे. पण पाच वर्षे घराने सांभाळले नसते तर मी आज इथे उभी नसते. तुमच्या घराला तेवढे झेपेल का, हे तुम्हीच ठरवायचे आहे, आणि झेपत नसेल तर त्यात कमीपणा नाही. तिला दुसरी पदवी घेऊ द्या आणि सकाळचे दोन तास तिच्याकडून काढून घेऊ नका.

घरी मातीकाम करू देणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. वाळलेली माती झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ फुफ्फुसात साचते. आणि शिसे असलेले ग्लेझ खाण्यापिण्याच्या भांड्याला कधीही लावू नये.

त्या बाई आज आल्या असतील तर कार्यक्रमानंतर मला भेटाव्यात. आल्या नसतील तर वर्गशिक्षिकांनी निरोप द्यावा. मुलीला शनिवारी दहा वाजता गाळ्यावर पाठवा, स्वतःही या. तिने जुने कपडे घालावेत, नखे कापून यावे. फी पहिले तीन महिने घेणार नाही. पंधरा दिवस फक्त माती मळावी लागेल, हे तिला आधीच सांगून ठेवा.