डॉक्टरांचा शोध आणि रुग्णाची हकिकत

(नवागाम, सुरत येथील मराठी भाषकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णास तपासताना डॉक्टरांनी संगणकावर अथवा मोबाईलवर काही शोधले, की 'यांना एवढेही ठाऊक नाही काय?' अशी शंका अनेकांच्या मनात येते. ही शंका योग्य नव्हे. एक उदाहरण पाहू.

येथील पुष्कळ कुटुंबे मूळची खानदेशची. सुट्टीत गावी गेल्यावर शेतात विंचवाचे भय असतेच. लाल विंचवाच्या दंशावरील उपचाराचे महत्त्वाचे संशोधन रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी केले. केवळ प्राझोसिन देण्यापेक्षा त्याच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हा त्यांचा निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी असे लेख पाहण्यास शहरातील वैद्यकीय ग्रंथालय गाठावे लागे. १९९७ पासून विनामूल्य खुल्या असलेल्या 'पबमेड' या सूचीमुळे तो आता खेड्यातील डॉक्टरांनाही काही मिनिटांत सापडतो.

तथापि, सापडलेले उत्तर समोरच्या रुग्णास लागू पडेलच असे नाही. त्या अभ्यासातील रुग्णांच्या सर्वांगात विषाची लक्षणे दिसू लागली होती. ज्यांना केवळ दंशाच्या जागी वेदना होत्या, अशांचा तो अभ्यास नव्हता. हा भेद यंत्र करीत नाही; तो डॉक्टरांनीच करावयाचा असतो.

ऑस्ट्रेलियातील एका पाहणीत ७५ अनुभवी डॉक्टर व परिचारिकांना काही वैद्यकीय प्रश्न देण्यात आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार शोधापूर्वी २९ टक्के उत्तरे बरोबर होती, शोधानंतर ५० टक्के. मात्र ७ टक्के उत्तरे आधी बरोबर असून शोधानंतर चुकली. म्हणजे शोधसाधन उपकारक खरे, परंतु ते निर्णयबुद्धीची जागा घेऊ शकत नाही.

या निर्णयास आपलाही हातभार लागतो. दंश केव्हा झाला, घाम सुटला काय, उलट्या झाल्या काय, हातपाय गार पडले काय, कोणते औषध आधी दिले, हे सर्व न लपविता सांगावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस ही सवय लावावी. अधिकाऱ्यांनी आरोग्य केंद्रातील इंटरनेट सेवा अखंड चालू राहील हे पाहावे. डॉक्टर शोध घेत असतील तर दोन मिनिटे धीर धरावा. ती दोन मिनिटे आपल्याच जिवासाठी असतात.