820 किलोमीटर म्हणजे नेमकं किती लांब?

हेडफोन लावलेत? बसायला जागा मिळाली? मग ऐका, आज माझ्याच एका बगची गोष्ट.

झालं असं, की वीकेंडला टाइमपास म्हणून मी एक छोटं ॲप लिहीत होतो. दोन गावं टाका. अंतर आणि विमानाला लागणारा वेळ मिळवा. टेस्टिंगला मुद्दाम पार उत्तरेकडची दोन गावं घेतली. कॅनडात बॅफिन बेटावरचं इकालुइत आणि ग्रीनलंडची राजधानी नूक. मध्ये डेव्हिस सामुद्रधुनी. दोन्हींपैकी एकाही गावातून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नाही.

पहिली चूक अंतरात झाली. दोन्ही गावं 64 अंश उत्तरेच्या आसपास, रेखांशातला फरक जवळपास 17 अंश. मी सरळ 17 ला 111 ने गुणलं. आले जवळजवळ 1,900 किलोमीटर! पण एका अंशाला 111 किलोमीटर हा हिशेब विषुववृत्तावरचा. ध्रुवाकडे जावं तशा रेखांशाच्या रेषा जवळ येतात. 64 अंशांवर एक अंश म्हणजे जेमतेम 49 किलोमीटर. मग हॅवरसाइनचं सूत्र टाकलं, उत्तर आलं साधारण 820. मुंबई ते बंगळुरू सरळ रेषेत मोजलं तर जवळपास एवढंच.

दुसरी चूक वेळेत. तिथे चालणारं डॅश-8 हे पंख्यांचं विमान. ताशी 500 किलोमीटर धरा, चढणं-उतरणं मिळवा, झाले साधारण दोन तास. पण नूकचं घड्याळ तीन तास पुढे. इकालुइतहून सकाळी 10 ला निघालात तर नूकला पोचेपर्यंत तिथे दुपारचे 3. आणि परत येताना? 10 ला निघा, 9 ला पोचा! माझ्या ॲपने प्रवासाचा वेळ दाखवला उणे एक तास. मी हसून हसून लोळलो. मग सगळ्या वेळा आधी यूटीसीमध्ये बदलल्या आणि मगच वजाबाकी केली.

तिसरी चूक मात्र कोडमध्ये सापडलीच नाही, कारण ती माझ्या डोक्यात होती. मी धरूनच चाललो होतो की अंतर आहे म्हणजे विमान असणारच. या मार्गावर 2012 मध्ये एअर ग्रीनलंडने सेवा सुरू केली, ती काही वर्षांत बंद पडली. पुन्हा सुरू झाली थेट 2024 च्या उन्हाळ्यात, तीही आठवड्यातून एकदा. मधली वर्षं काय? इकालुइतहून आधी दक्षिणेला 2,000 किलोमीटरवर ओटावा, तिथून अटलांटिक ओलांडून आइसलंड किंवा कोपनहेगन, आणि मग मागे वळून नूक! दोन तासांचं काम दिवसांवर जायचं.

आणि ही काही परकी माणसं नाहीत. दोन्ही किनाऱ्यांवर इनुइट लोक राहतात. ग्रीनलंडमधल्या इनुइटांचे पूर्वज कॅनडाकडूनच तिकडे गेले. दोघांच्या भाषा सख्ख्या बहिणींसारख्या. अशा माणसाला माझं ॲप बिनधास्त सांगत होतं, 'फक्त दोन तास'. गणित बरोबर, पण उत्तर खोटं.

आता ॲपमध्ये मी एक ओळ वाढवली आहे. अंतराखाली, वेळेच्याही आधी, ती विचारते: या तारखेला विमान आहे का? नसेल, तर वेळ दाखवायचीच नाही.

तुम्हीही मॅपवर एखादी सरळ रेषा बघाल, तेव्हा एवढं नक्की विचारा. चला, भेटू पुढच्या भागात!