धावा, पण शर्यतीसाठी नव्हे
(पालक मेळाव्यातील भाषण)



क्रीडादिनी तीन मुलांना बक्षिसे मिळतात. उरलेली 'धावणे आपले काम नव्हे' असे समजून कायमची बसतात. हे नुकसान थोडे नव्हे.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या दोन शिष्यांनी १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये धावण्याची सुवर्णपदके मिळविली. पुढे त्याच लिडियार्डनी ऑकलंडमध्ये हृदयविकारातून उठलेल्या प्रौढांनाही सावकाश धावावयास शिकविले. १९६२ साली अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे गेले, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांबरोबर धावताना त्यांचीच दमछाक झाली! मायदेशी परतून त्यांनी सामान्य नागरिकांना धावते केले आणि १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञासमवेत 'जॉगिंग' हे पुस्तक लिहिले.

कसोटी सोपी आहे. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. धाप लागली तर चाला, मग पुन्हा धावा. आजार असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. घड्याळ नको, बक्षीस नको. फजरनंतरची मोकळी वीस मिनिटे पुरेत.

पालकहो, मुलगा वा मुलगी धावून घरी आली की 'कितवा नंबर?' असे विचारू नका. 'मजा आली का?' एवढेच विचारा. मग ती उद्याही धावतील.